मास्तरांच्या गाण्यांची यादी

गाणी विकत घेणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्याच ओट्याशी, बूट काढावेत की नाही अशा विचारात उभा असलेला. तोवर आमच्याकडे चिकू घेणारे यायचे, नारळ घेणारे यायचे, सुके बोंबील घेऊन किनाऱ्यावरच्या बायका दारात बसायच्या. गाणी मागत कुणी आलं नव्हतं. नवं राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. मी तलासरीच्या शाळेत शिकवत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत नरपडला घरी आले होते. वय सव्वीस. लग्न व्हायचं होतं, आणि घरातलं त्याबद्दलचं बोलणं हळूहळू कमी होत चाललं होतं.

त्या माणसाला मास्तर हवे होते.

मास्तर आमच्या वाडीत मागच्या दोन खोल्यांत राहायचे. दम्यासाठी मुंबईच्या डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं तीन महिन्यांसाठी आले होते, आणि आता चौथं वर्ष चाललं होतं. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, बोटं मात्र लांब आणि तरुण. उमेदीच्या काळात ते नाटक कंपन्यांत पेटी वाजवायचे, पदांना चाली लावायचे. पुढं तबकड्यांसाठी भजनं आणि भावगीतं केली. त्या नाटक कंपन्या बुडाल्या, तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपन्याही बंद पडल्या. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांची गाणी आम्हांला माहीत नव्हती, एक सोडून. ते एक मात्र सगळ्यांना माहीत होतं. निरोपाचं गाणं होतं ते. नवरी निघताना बँडवाले ते वाजवायचे, शाळेत बदली झालेल्या गुरुजींना मुली ते म्हणून दाखवायच्या. ते मास्तरांचं आहे हे कळल्यावर बाबा दोन दिवस त्यांच्याशी फार जपून बोलत होते.

आलेला माणूस मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा होता. टेरिलिनचा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. चहा घेता घेता त्यानं सांगितलं, की कंपनीला मास्तरांची सगळीच्या सगळी गाणी कायमची विकत घ्यायची आहेत. एकदाच रक्कम द्यायची, आणि मग ती कुणी गायची, कुठं छापायची, सिनेमात घालायची की नाही, हे कंपनी ठरवणार. मास्तर नुसते ऐकत होते. बाबांनीच विचारलं, की इतकी जुनी गाणी घेऊन तुम्ही करणार काय? बाजारात रोज नवी येतात.

तो माणूस हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला.

"नवं गाणं म्हणजे जुगार आहे, शेठ. दहा काढावीत तेव्हा एक चालतं. जुनं गाणं लोकांनी आधीच निवडून ठेवलेलं असतं. आम्ही फक्त ते कुणाचं आहे, एवढं विचारत येतो."

मग त्यानं नव्या मोठ्या तबकड्यांबद्दल सांगितलं. एकेका तबकडीवर दहा-बारा गाणी मावतात, ती भरायला गाणी लागतात. रेडिओ आता खेडोपाडी जातोय. सिनेमे येतील नि जातील, पण लग्नं थांबत नाहीत, आणि लग्न आहे तोवर निरोप आहे. बाबांना हे पटकन समजलं. तो गेल्यावर ते मास्तरांना म्हणाले, की वाडी मक्त्यानं घेणारा खाली पडलेले चिकू बघत नाही, झाडाचं वय बघतो. पंधरा वर्षं धरलेलं झाड पुढची पन्नास धरणार, हे त्याला ठाऊक असतं. मास्तरांनी मान हलवली. त्यांना दर महिन्याला इंजेक्शनं लागत होती, आणि गाण्यांचं म्हणाल तर त्यांना वर्षानुवर्षं कुठूनच काही आलं नव्हतं. मला ते एवढंच म्हणाले, "पोरी, मला ती सांभाळता येत नाहीत. कोण कुठं गातंय, मला कळतसुद्धा नाही. त्यांच्याकडे माणसं आहेत."

कंपनीनं एक छापील कागद ठेवला होता. त्याला जोडून गाण्यांची यादी द्यायची होती: पहिली ओळ, कुठल्या नाटकातलं किंवा तबकडीतलं, पहिल्यांदा कुणी गायलं. मास्तरांचे हात थरथरायचे, म्हणून लिहायचं काम मी घेतलं.

त्या दुपारी मला अजून आठवतात, पण एकेक वेगळी अशी नाही. त्या सगळ्या मिळून एकच लांब दुपार झाली आहे. मास्तरांच्या खोलीपुढं दगडी कट्टा होता, त्याच्यावर चिकूची सावली. पानांतून ऊन गळायचं आणि माझ्या फुलस्केप कागदावर हलत राहायचं, इतकं की कधी कधी शाई कुठली नि सावली कुठली ते कळायचं नाही. वाळत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. मास्तर डोळे मिटून बसायचे. बराच वेळ काहीच नाही. मग घशात कुठं तरी एक सूर लागायचा, आणि त्याच्यामागून शब्द हळूहळू यायचे.

गाणी ओळीनं आली नाहीत. आधी एखादा वास आठवायचा, गॅसबत्तीचा किंवा रंगवलेल्या पडद्याचा, मग त्या पडद्यापुढचं माणूस, आणि मग ते काय गात होतं ते. एखादं गाणं अर्ध्यावर थांबायचं. मास्तर डुलकी घ्यायचे, मी लेखणी धरून बसून राहायचे. अर्ध्या तासानं ते जागे झाले की थेट अंतऱ्यावर यायचे, जणू मधल्या वेळात ते गाणं आत चालूच होतं. एकदा साठाव्या-एकसष्टाव्या गाण्याला त्यांच्या ध्यानात आलं, की याची चाल तर बाराव्या गाण्याचीच आहे. मी विचारलं, की मग एक खोडू का? ते म्हणाले, राहू दे, जुळ्या मुलांपैकी एकाचं नाव कुणी खोडतं का.

मला ती गाणी येऊ लागली. विहिरीवर, जेवताना, आईला भाजी चिरून देताना मी ती गुणगुणायचे. आई एकदा म्हणाली, की तू हल्ली ऐकतेस दुसरीकडेच. खरं होतं ते. मी ज्या गावांत कधी गेले नव्हते तिथल्या तंबूंत, मी जन्मायच्या आधीच्या संध्याकाळी हिंडत होते.

यादी शंभराच्या पुढं गेली तरी निरोपाचं गाणं काही आलं नाही. मी वाट पाहिली. शेवटी एका दुपारी मीच ते काढलं. मास्तरांनी कंपनीचा कागद आणायला सांगितला. त्यात शेवटी एक वाक्य होतं, की यादीतल्या सर्व चाली संपूर्णपणे माझ्या स्वतःच्या आहेत. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ती चाल माझी नाही. मी ती तुमच्या तलासरीत उचलली."

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट होती. ते तेव्हा एका छोट्या नाटक कंपनीत होते. आगगाडीचं भाडं परवडायचं नाही म्हणून सगळा संसार एका लॉरीतून हलायचा. वलसाडकडून येताना तलासरीच्या अलीकडं लॉरीचा आस मोडला. दुसरा येईपर्यंत तीन दिवस मंडळी रस्त्याकडेच्या एका पाड्याशी पडून होती. गवतकापणीचे दिवस होते. मुंबईच्या तबेल्यांसाठी माळावरचं गवत कापून गाठी बांधल्या जात होत्या, आणि कापणाऱ्या बायकांत एक तरुण बाई गात होती. मास्तर लॉरीच्या सावलीत बसून तीन दिवस तेच ऐकत होते. पुढच्या मुक्कामी त्यांनी त्याला नाटकातले शब्द लावले. ते गाणं झालं, त्यांचं नाव झालं, आणि ती चाल कुठून आली हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

"आजवर मी ते गात होतो, तोवर ठीक होतं," ते म्हणाले. "पण दुसऱ्याचं विकू कसं?"

ओढा, ओढ्यापलीकडं मोहाची तीन झाडं, आणि रस्ता जिथं वळतो तिथं एक मोठा काळा खडक, अशी त्यांनी त्या जागेची खूण सांगितली. मी तो पाडा ओळखला. तिथल्या चार मुली माझ्या वर्गात होत्या.

बाबांना हे काही पसंत नव्हतं. दम्याच्या माणसाला एसटीच्या धुळीत नेणं त्यांना बरं वाटेना. पण सुट्टी संपायच्या चार दिवस आधी आम्ही निघालो. डहाणू रोडहून सकाळची गाडी. आशागड, गंजाड करत चारोटीला हमरस्ता लागला. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला होता आणि खिडकीतून एकटक बघत होते. दोन्ही बाजूंचे माळ पिवळे झाले होते, काही कापलेले, काही उभे. उभ्या गवतावरून वारा गेला की सगळा डोंगर कूस बदलल्यासारखा वाटायचा. मास्तर मध्येच म्हणाले, की मी आधी इथून गेलो तेव्हा तुझ्याहून थोडाच मोठा होतो.

पाड्यावर बायका कापणीला गेल्या होत्या. माझ्या वर्गातली एक मुलगी झोपडीपुढं धाकट्या भावाला घेऊन बसली होती. तिच्या शेजारी तिची आजी टोपलीचा काठ विणत होती. बाई आल्या म्हणून आजीनं आम्हांला बाज टाकून दिली. मी वारलीत जमेल तसं विचारलं, की पुष्कळ वर्षांपूर्वी इथं एक लॉरी मोडली होती, ते आठवतं का? तिला आठवत होतं. लॉरीत रंगवलेला राजवाडा होता, तो पोरांनी उलगडून पाहिला होता. मग गवत कापताना गायचं कोण? म्हातारी म्हणाली, मी गायची, माझी बहीण गायची, सगळ्याच गायच्या. बहीण आता नाही.

मास्तरांनी पेटी आणली नव्हती. त्यांनी बाजेवर बसूनच गायला सुरुवात केली. आवाज थकलेला, दर दोन ओळींना श्वास घ्यायला थांबत होते. पण निरोपाचं ते गाणं मी इतकं हळू, इतकं उघडं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारी विणायची थांबली. पूर्ण होईपर्यंत तिनं मान खाली घालून ऐकलं.

"बेस हाय," ती म्हणाली. "पन ह्या आमचा नाय."

मास्तरांना वाटलं, तिला नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत पहिली ओळ गायली. तिनं मान हलवली. आमचं असं नाही, म्हणाली, आणि आमचं कसं ते सांगायला ती स्वतः गाऊ लागली. बसल्या जागी, हातातली कामटी तशीच धरून.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. पण मी आधीचे पंधरा-वीस दिवस मास्तरांच्याच सुरांत घालवले होते, म्हणून मला तेवढं कळलं. पहिलं वळण तेच होतं. सूर वर चढतो आणि तिथं जरासा थांबतो, ते अगदी तेच. त्यानंतर तिचं गाणं खाली आलंच नाही. ते तसंच सपाट, माळावरून चालत गेल्यासारखं पुढं जात राहिलं, आणि वळून पुन्हा तिथंच आलं, पुन्हा गेलं. त्यात निरोप नव्हता. कापत जायचं, पुढं सरकायचं, एवढंच होतं. खाली उतरणं, मन भरून येणं, ते सगळं मास्तरांनी घातलेलं होतं.

मास्तरांनी तिला ते पुन्हा गायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते डोळे मिटून, ओठ हलवत बरोबर गाऊ पाहत होते, पण ते दर वेळी खाली उतरत होते आणि ती पुढं जात होती. शेवटी ती थांबली आणि मला विचारलं, की म्हाताऱ्याला नक्की पाहिजे तरी काय? मी सांगितलं, की मुंबईची एक कंपनी त्यांचं गाणं विकत घेते आहे, आणि त्यांना वाटतं ते तुमचं आहे. हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

"विकत घेतला म्हंजे पाठ पन करतील ना ते?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

मास्तरांनी खिशातून काही नोटा काढून तिच्यापुढं धरल्या. तिनं त्या घेतल्या, कमरेला खोचल्या, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, की गाण्याचं राहू दे, तुझ्याशी काम आहे. मागच्या वर्षी कापणीच्या दिवसांत हिच्या नातीचं नाव मी हजेरीतून काढलं होतं. पोरगी भावाला सांभाळते म्हणून आई गवताला जाऊ शकते. मग तिला पुन्हा शाळेत घालताना बापाचा एक दिवस बुडाला. "गवताचे दिवसांत पोरीचा नाव काढू नको," ती म्हणाली. मी नाही काढणार, असं कबूल केलं. ते मी पाळलं, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांचं बोलणं खाल्लं. तेव्हा मात्र मला फार लाज वाटली. मी तिच्याकडे तीस वर्षांपूर्वीचं विचारायला गेले होते, आणि मागल्याच वर्षीचं मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मला वाटलं होतं की मास्तर सुटल्यासारखे दिसतील. चोरी केलीच नव्हती म्हणजे. ते तसे दिसले नाहीत. चारोटीच्या पुढं त्यांनी मला विचारलं, की तुला काय वाटतं, किती माझं आहे त्यात? मी म्हटलं, जवळजवळ सगळं. पहिलं वळण सोडून.

"मी आजवर ते गाताना त्या गवत कापणाऱ्या पोरीला समोर धरायचो," ते म्हणाले. "चोरलेलं होतं म्हणून जपून गायचो. आता ते नुसतं माझंच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते गाणं यादीत घालायला सांगितलं. शेवटचं नाही, मधेच कुठं तरी घाल, म्हणाले. मी चौसष्ट आणि पासष्टच्या मध्ये जागा करून घातलं. सगळी मिळून एकशे एकोणीस झाली.

सह्या करायला तोच माणूस आला. या खेपेला तो बूट काढून थेट आत आला. मास्तरांनी त्याला सांगून पाहिलं, की त्या एका गाण्याचं पहिलं वळण तलासरीच्या बायकांच्या गाण्यातलं आहे, तेवढी टीप कागदावर असावी. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं समजावून सांगितलं, की जिच्या मालकीत किंतु आहे ती चीज कंपनी घेऊच शकत नाही. उद्या कुणी हक्क सांगत आलं तर? एक तर टीप नको, नाही तर गाणं नको. आणि ते गाणं नसेल तर बाकीची एकशे अठरा घ्यायला मला इतक्या लांब कुणी पाठवलं नसतं, हेही तो अगदी मऊपणे बोलला. मास्तरांनी लेखणी मागितली. साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली, खाली मी केली. त्या वाक्याखाली माझी सही आहे. ते वाक्य खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं, असं मला अजून वाटतं.

पैशांनी मास्तरांचं औषधपाणी नीट झालं. नवी धोतरजोडी आली, आईला त्यांनी एक लुगडं घेतलं. वर्षभरानं कंपनीची मोठी तबकडी टपालानं आली. आमच्याकडं ती वाजवायचं यंत्र नव्हतं, म्हणून डहाणूला डॉक्टरांच्या घरी गेलो. निरोपाचं गाणं एका नव्या गायिकेनं गायलं होतं, मागं पुष्कळ व्हायोलिनं. गोड होतं. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. मास्तरांनी दाद दिली, चहा घेतला, आणि घरी येताना टांग्यात म्हणाले, की सुरात आहे पोरगी. दुसरं काही नाही.

पण त्यानंतरच्या पावसाळ्यात काही तरी झालं. शनिवार-रविवारी मी घरी आले की मागच्या खोलीतून पेटी ऐकू यायची. आधी मला वाटलं यादीतलंच काही असेल. नव्हतं. ती सगळी नवी होती. शब्द नसलेल्या चाली, लांबलचक, घाई नसलेल्या. वाडीत पावसाचं पाणी साचलेलं असायचं, ओला प्रकाश पानांखालून वर यायचा, आणि मास्तर खिडकीपाशी बसून वाजवत असायचे. मी कट्ट्यावर जाऊन बसायचे. मला बघून ते थांबायचे नाहीत. त्यांतल्या एकीतही सूर खाली उतरत नव्हता. एकदा मी वही आणली, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"हे लिहू नकोस. लिहिलं की ते कुणाचं तरी होतं."

म्हणून मी लिहिलं नाही. नुसती ऐकत राहिले. अशा सात की आठ चाली होत्या. त्यांचे सूर मी बसनं तलासरीला जाताना मनात घोळवत न्यायचे.

मास्तर भाद्रपदात गेले. सकाळी चहा घेऊन आई गेली तेव्हा ते खुर्चीत होते. पुण्याहून एक पुतण्या आला, पेटी आणि कपडे घेऊन गेला.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं, बाबांच्या नावानं. दुःखाचे दोन शब्द होते, छापलेले वाटावेत असे, पण सही शाईची होती, त्याच माणसाची. पुढं लिहिलं होतं, की तबकडीला चांगली मागणी आहे, आणि मास्तरांनी अखेरच्या काळात यादीबाहेर काही गाणी केली असल्यास, किंवा घरातल्या कुणास त्यांच्या चाली येत असल्यास, कळवावे. कंपनी योग्य तो विचार करील.

बाबांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं. "तू असायचीस त्यांच्याजवळ. काय लिहू?"

मी म्हटलं, मी लिहिते. तिथंच बसून मी लिहिलं, की आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, यादीबाहेर काही नाही. बाबांनी ते वाचलं. पावसाळाभर ती पेटी त्यांनीही ऐकली होती. त्यांनी तिकीट लावलं आणि पत्र खिशात घालून ते पोस्टाकडं निघाले.

त्या चाली पुढं पाच-सहा वर्षं मला येत होत्या. मग माझं लग्न झालं, बदली झाली, मुलं झाली. एकेक करून त्या विरल्या. कुठली केव्हा गेली, ते मला सांगता येणार नाही.